सर क्रीक सोडून द्यायची?

वर एकांनी लिहिलंय, सर क्रीक, म्हणजे आपलं कच्छ आणि पाकिस्तानचं सिंध यांच्या मधली खाडी, नुसती ओसाड दलदल आहे, सोडून द्यावी. अजिबात पटलं नाही. वाद ९६ किलोमीटरच्या खाडीपुरता नाहीच. कच्छ-सिंध सीमेबद्दलच्या मुंबई सरकारच्या १९१४च्या ठरावावरून पाकिस्तान सीमा पूर्व काठावर मागतो, आपण मधल्या प्रवाहातून. खाडीच्या मुखाशी रेघ जरा सरकली की पुढे २०० सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं केवढं तरी पाणी हातचं जातं.

आम्ही दिवाळे कोळीवाड्यातले, नवी मुंबईचे. पालघरच्या खलाशांचं ऐकलं की जीव तुटतो. गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानने पकडले की थेट कराचीचा तुरुंग. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात, तरी शिक्षा संपलेले मच्छीमार आतच! सीमा ठरेल तेव्हा ठरो, या माणसांना आधी सोडा. त्यांच्याकडचे आपल्या तुरुंगात आहेत, त्यांनाही.