म्होरक्या मेला की संघटना संपते का?

जावळीकर (सातारा):
परवा पोवई नाक्यावर एक जण ठामपणे म्हणाला, म्होरक्या टिपला की खेळ खलास. मला हे मुळीच पटत नाही. २००१ मध्ये अल-कायदाने अफगाणिस्तानातल्या तळांच्या जोरावर १९ जण अमेरिकेत धाडले. तळ गेले, तशा त्यांनी शाखा उघडल्या: माघ्रेब (वायव्य आफ्रिका), येमेन, सोमालिया, २०१४ ला भारतीय उपखंड. लादेन २०११ ला मारला गेला, तरी पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत त्यांच्याशी बांधील गट आजही सैन्याला जेरीस आणतोय. आयसिसने उलटी वाट धरली. आधी मुलूख घेतला, कर वसूल केले. मुलूख हातचा जायला लागला तसा 'असाल तिथेच मारा' या आवाहनावर भर दिला. २०१६ ला फ्रान्समधल्या नीसमध्ये एकाच ट्रकने ८६ माणसं गेली!

कृष्णाकाठ (सांगली):
युरोपचं गणित इथे लावू नका. २६/११ चे दहा जण कराचीहून समुद्रमार्गे आले आणि हल्ला चालू असताना त्यांना फोनवर हुकूम सीमेपलीकडूनच मिळत होते. पहलगामला २०२५ मध्ये २६ जण मारले. जबाबदारी आधी टीआरएफने (द रेझिस्टन्स फ्रंट, म्हणजे 'प्रतिकार आघाडी') घेतली, मग नाकारली. हा गट पाकिस्तानातल्या लष्कर-ए-तय्यबाचाच मुखवटा आहे, असं अमेरिकेनेही जाहीर केलं. पाटी नवी, दुकान तेच. यात बदललं काय?

जावळीकर:
पाटी बदलणं हाच तर डाव. दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे एफएटीएफ. २०१८ ला पाकिस्तान तिच्या करड्या, म्हणजे जादा देखरेखीच्या यादीत गेला आणि पुढच्याच वर्षी टीआरएफ पुढे आली. नाव असं, की चळवळ काश्मीरचीच वाटावी आणि पाकिस्तानला हात झटकता यावेत. योगायोग म्हणायचा का हा?

अपशिंगेकर:
दोघांचंही वाचलं. २६/११ ला शहीद झालेले मुंबईचे पोलीस, केडंब्याचे तुकाराम ओंबळे आपल्याच सातारा जिल्ह्यातले. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला आणि कट कुठे शिजला ते जगापुढे आलं. हल्ल्याची तऱ्हा कुठलीही असो, पहिला समोर येतो तो नाक्यावरचा पोलीसच. प्रशिक्षण आणि हत्यारं आधी त्याला द्या.

कृष्णाकाठ:
ओंबळेंपुढे मान झुकतेच. पण दरवेळी शिपायाच्या छातीवर भिस्त का ठेवायची? २०२२ ला पाकिस्तान त्या यादीतून सुटला. पैशाची नाडी आवळलेली होती, ती सैल झाली. ती पुन्हा आवळायला हवी, यावर बोला.

जावळीकर:
आवळाच. पण ट्रक घेऊन एकटाच निघालेल्याला कुठला पैसा लागतो?