मेकअपचा ब्रश वाळवता कसा तेही बघा
स्वस्त ब्रशचे केस गळतात म्हणून ब्रँडेडच घ्या असं वर बऱ्याच जणींनी लिहिलंय, मला ते अर्धंच पटतं. इथे सोलापुरात नवी पेठेतून घेतलेला १५० रुपयांचा सिंथेटिक फाउंडेशन ब्रश मी ३ वर्षं लग्नाच्या ऑर्डरींना वापरतेय, अजून जसाच्या तसा आहे, आणि १८०० चा ब्रँडेड पावडर ब्रश मात्र ६ महिन्यांत मानेतून डुगडुगायला लागला, कारण धुतला की मी तो केस वर करून ग्लासात उभा ठेवायचे, मग पाणी खाली केस धरणाऱ्या धातूच्या नळीत उतरतं, आतला गोंद सैल होतो आणि केसांचे झुपकेच हातात येतात. आता टॉवेलवर आडवा वाळवते, केस टेबलाच्या कडेबाहेर. आणि हो, लिक्विड फाउंडेशनला सिंथेटिकच घ्या गं, खऱ्या केसांचा ब्रश बरंचसं फाउंडेशन स्वतःच पितो.