जीप रँग्लर रुबिकॉन: प्लॅस्टिक बंपर की कंपनीचा स्टील?

खडकवाट: मंडळी, आम्ही कोलोरॅडोत असतो, जीपची ऑफ-रोडवाली रँग्लर रुबिकॉन बुक करतोय, डीलर म्हणतो स्टीलचा फ्रंट बंपर आत्ताच ऑप्शनमध्ये टाका. नेहमीचा प्लॅस्टिकवाला खरंच चालत नाही का? अधूनमधून यूटातल्या मोआबला खडकाळ ट्रेल्सवर जातो, बाकी रोजचं ऑफिस.

गिअरवाला: स्टीलच घ्या! त्याची दोन्ही टोकं बोल्ट काढून वेगळी होतात, मग टायरसमोर आडवं काही येत नाही आणि चाक थेट दगडावर चढतं, मोआबच्या खडकाळ पायऱ्यांवर हे फार कामाला येतं. शिवाय विंच (अडकलेली गाडी दोराने खेचून काढणारं यंत्र) बसवायची सोय.

मेघा: ऑफिसच जास्त असेल तर प्लॅस्टिक पुरे की. वजनाला हलका, आणि टो हुक (गाडी ओढायचे आकडे) तसेही चेसिसलाच असतात, त्यामुळे अडकलेली गाडी ओढायला काही अडत नाही.

गिअरवाला: ताई, बरोबर दुसरी गाडी असली तर! नंतर बाहेरचा बंपर लावायचा म्हणजे पार्किंग सेन्सर, क्रूझचा (पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा) रडार सगळं जुळवत बसा. 2024 पासून रुबिकॉनला वॉर्न या ब्रँडची 8,000 पौंड ओढणारी विंच जीप कंपनीतूनच मिळते, एकटे जाणार असाल तर तीच घ्या, प्लीज.