मदत हवी आहे: सांगलीहून येणारा माल गार राहत नाही, पेटी बदलू की जेल पॅक वाढवू?

आटपाडीकर: लवकर सांगा, सोमवारी पुढची खेप आहे. एसटी पार्सलनं थर्माकोलच्या पेटीत माल येतो. हातात पडेपर्यंत जेल पॅक पार वितळलेले.

वाईचा_शेतकरी: स्ट्रॉबेरी ना? मग पेटीचं नंतर, आधी प्री-कूलिंग, म्हणजे भरण्यापूर्वी माल गार करणं. कोमट माल भरला की बर्फ त्याला गार करण्यातच संपतो. आम्ही पहाटेच तोडतो.

मिरज_फार्मा: माल कोणता? किती अंश लागतात? पेटी किती जाड?

कुपवाड_कोल्ड: ड्राय आइस टाका, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे 78 अंश, आणि ओल अजिबात नाही.

मिरज_फार्मा: माल माहीत नसताना ड्राय आइस? त्याचा वायू होतो. पेटी हवाबंद केली तर फुटते, बंद गाडीत माणूस गुदमरतो.

आटपाडीकर: लस आहे हो, जनावरांच्या लाळ्या खुरकुताची. 2 ते 8 अंश. पेटी दीड इंची. जेल वाढवू का, तेवढं सांगा.

कुपवाड_कोल्ड: मग जेलला पैसे कशाला? त्यात बहुतेक पाणीच असतं. किलोभर बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी ओढतो, बाटल्यांत पाणी गोठवा.

मिरज_फार्मा: ते बरोबर. पण पाठवणारा पॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट लसीला लावतो का? विचारून घ्या. उणे 20 चा पॅक चिकटला तर लस गोठते, आणि ही लस एकदा गोठली की बाद, नंतर दिसायला चांगली असली तरी. अशी लस टोचली तर गोठ्यात रोग येऊ शकतो आणि शेतकऱ्याचा लसीवरचा विश्वास उडतो. त्यामुळे नुसतं जेल वाढवू नका. पाण्याचे पॅक घ्या, हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत बाहेर ठेवा, मग भरा. जेलमध्ये ते कळत नाही. मध्ये पुठ्ठा घाला, पोकळी कागदानं भरा. आणि पॅक वितळला म्हणजे लस गेली असं नाही, आतलं तापमान मोजा. डाटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं यंत्र, पेटीत ठेवा.

तासगावची_बाग: आम्ही द्राक्षाच्या पेटीत ग्रेप गार्ड, म्हणजे गंधकाचा वायू सोडणारा कागद, टाकतो, बुरशी धरत नाही. बघा वापरून.

मिरज_फार्मा: लसीच्या बाटलीला बुरशीचा काय संबंध? आटपाडीकर, एसटी कितीची?

आटपाडीकर: दुपारची. पेटी आधी स्टँडवर पडून असते.

मिरज_फार्मा: मग पहिल्या गाडीनं मागवा. जाड पेटीचं त्यानंतर बघू.

आटपाडीकर: बोलतो त्यांच्याशी. डाटा लॉगर सांगलीत कुठं मिळेल?