नवा राउटर घेण्याआधी चॅनल बदलून बघा

संध्याकाळी बेडरूममध्ये वायफाय रखडतं म्हणून नवा राउटर घ्यायचं म्हणताय, पण थांबा जरा. आमच्याकडे ठाण्यात घोडबंदर रोडला सेम होत होतं, राहत्या टॉवरमध्ये प्रत्येक घरात एक राउटर आणि २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनल (म्हणजे सिग्नलच्या लेन) तीनच, १, ६ आणि ११, मग सगळे एकमेकांच्या वाटेत येणारच ना. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (नाही उघडलं तर राउटरखालच्या स्टिकरवर पत्ता असतो), वायरलेस सेटिंगमध्ये ऑटो काढून तिघांतला कमी गर्दीचा चॅनल द्या, विड्थ (चॅनलची रुंदी) २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० मुळीच नको. राउटरजवळच्या टीव्हीला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा बँड द्या, भिंतीपलीकडे मात्र तो लवकर कमजोर पडतो. आणि हो, अ‍ॅडमिनचा (राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा) पासवर्ड कंपनीनं दिलेलाच असेल तर आजच बदला प्लीज.