'पल्सलेस फ्लो'ला मराठीत काय म्हणायचं?

थेंबथेंब:
लॅबच्या पर्फ्युजन सेटअपची पुस्तिका मराठीत करतेय आणि एका वाक्यावर अडलेय. पेशींवरून द्रावण असं वाहायला हवं की पंपाचे ठोके अजिबात जाणवायला नकोत. मी 'निःस्पंद प्रवाह' लिहिलं, तर सहकारी म्हणाला निःस्पंद म्हणजे हालचालच थांबलेली. पटलं मला. मग दुसरं काय?

जुनी_वही:
'संथ' आहे की!

रोलरवाला:
संथ म्हणजे हळू हो. मिनिटाला २ मिलि सोडा नाहीतर २० मिलि, ठोके दोन्हीकडे असतात. पेरिस्टाल्टिक पंपाचा रोलर नळी दाबत जातो आणि सुटतो तेव्हा दबलेली नळी परत फुगते, तेवढं द्रावण त्या जागेत ओढलं जातं आणि धार क्षणभर बसते. आम्ही ह्याला सरळ 'धक्का' म्हणतो.

जुनी_वही:
आमच्या आजीच्या तोंडी संथ म्हणजे खळबळ नसलेलं, पाणी कितीही असो. शब्द 'शांत'वरूनच आला असावा असं मला कायम वाटत आलंय.

अक्षरवेल्हाळ:
तैलधारा! वेदान्तात ध्यानाला 'तैलधारावत्' म्हणतात, तेलाच्या धारेसारखं अखंड. 'तैलधार प्रवाह' लिहा.

रोलरवाला:
न तुटणं वेगळं, न हिंदकळणं वेगळं. पंपाची धारही अखंडच असते, फक्त कमीजास्त होते. आणि असले घडवलेले शब्द लॅबमध्ये कोणी बोलत नाही.

अक्षरवेल्हाळ:
बोलत नाहीत कारण कोणी लिहीत नाही. 'तापमान' पण कोणीतरी पहिल्यांदा लिहिलंच असेल ना?

थेंबथेंब:
'एकसारखी धार' कसं वाटतं?

बुडबुडा:
चांगलंय, पण ताई, ठोके गेले का? पंपापुढे एक बंद बाटली लावा, वरच्या भागात हवा ठेवून, आणि तिच्यापुढे बारीक नळी. हवा दबते-फुगते आणि ठोका तिथेच जिरतो, फक्त द्रावण बदललं की नवीन पोचायला वेळ लागतो. मला विचाराल तर पंपच नको, मॅरिऑट बाटली उंचावर टांगा. तिच्यात हवेची नळी खोल बुडवलेली असते, उंची त्या नळीच्या खालच्या टोकापासून धरायची, त्यामुळे पातळी तिथवर उतरेपर्यंत दाब तोच राहतो.

जुनी_वही:
बघा, त्या बाटलीतून येते ती संथच धार!

रोलरवाला:
नाही हो. सिरिंज पंप बघा, अगदी कमी वेगावर मोटर एकेक पाऊल टाकत दट्ट्या ढकलते, मोठी सिरिंज असेल तर जास्तच कळतं. संथ आहे आणि ठोकेही आहेत.