जीपच्या डॅशबोर्डवर मेटल फ्लेक : चमक गेली, खरखर राहिली

जीपवाला_सातारा

नमस्कार मंडळी. बाबांची १९९१ची महिंद्रा एमएम ५४० सवडीने उभी करतोय. डॅशबोर्डचा पत्रा सोडवला, गंज काढला, प्राइमर मारला, वर काळा बेस. त्यावर निळा मेटल फ्लेक (रंगात मिसळायची चमकी) आणि त्यावर एअरब्रशने अजिंक्यताऱ्याची कड काढायची आहे. गुडघे धरायच्या आधी बाबा रोज पहाटे तो चढ चढायचे.

पहिला हात फसला. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी क्लिअरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक लॅकरमध्ये, कालवून मारली. सुकल्यावर हात फिरवला तर खसखस लागली. म्हणून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासलं, तर निळे कण जागोजागी पांढरे पडले. कुठे चुकलं? सगळं उतरवायची तयारी आहे.

उद्यमनगर_रंगारी

दादा, उतरवाच. वरून कितीही क्लिअर मारलं तरी ते पांढरे डाग झाकणार नाहीत.

फ्लेक म्हणजे प्लॅस्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि त्यावर रंग. कणाचं टोक कागदाने कापलं की रंग जातो, खालची चांदी उघडी पडते. तुम्ही क्लिअर घासलं नाही, फ्लेकच घासला. फ्लेक बसला की आधी क्लिअरचे दोन-तीन हात द्यायचे, पूर्ण वाळू द्यायचं, मग ६००ने हलक्या हाताने पाणी मारत घासायचं. खरखर राहिली तर थांबा, पुन्हा क्लिअर, पुन्हा घासणं. हाताला काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत. शेवटी १५००, २००० आणि पॉलिश. घाईघाईत एकाच वेळी जाड क्लिअर ओतू नका. आत थिनर कोंडतं आणि बारीक फोड येतात.

चमकीचं म्हणाल तर चिमूटभर काचेच्या बाटलीत थिनरमध्ये रात्रभर भिजवा. थिनर रंगलं तर ती चमकी कार्डांवर लावायची, गाडीवर नाही. गाडीचा फ्लेक थिनरला टिकणारा असतो. डॅशबोर्डसाठी २०० मायक्रॉनचा घ्या. जाड फ्लेक एवढ्याशा पत्र्यावर ओबडधोबड दिसतो आणि गाडायला क्लिअरही जास्त खातो.

स्प्रे गनचं नोझल १.८ किंवा २ मिमी, कपातली जाळी काढून टाका. फ्लेक सारखा तळाशी बसतो म्हणून कपात सायकलचे दोन छर्रे टाकायचे आणि प्रत्येक फेरीआधी हलवायचं. बेस काळा नको, निळाच मारा. दोन कणांमधली फट मग डोळ्याला दिसत नाही. डॅशबोर्डची वरची कड मात्र मॅट काळी ठेवा. तिथे फ्लेक असला तर दुपारचं ऊन थेट समोरच्या काचेत उमटतं.

किल्ल्याचं चित्र घासून गुळगुळीत केलेल्या क्लिअरवर काढा, खडबडीवर नाही. एअरब्रशला ०.३ मिमीची सुई, हवा कमी, रंग दुधाएवढा पातळ. डोंगराची कड हाताने काढत बसू नका. कागद हाताने फाडा, ती फाटलेली कड पत्र्याला टेकवून वरून फुंकर मारा. मागची रांग फिकट, कागद थोडा खाली सरकवून पुढची गडद. पारदर्शक काळा वापरलात तर डोंगरातूनही फ्लेक लुकलुकेल. किल्ल्यावरचा टीव्हीचा मनोरा तेवढा कागदातून ब्लेडने कापा.

आणि मास्क. हार्डनरवाल्या क्लिअरमधलं आयसोसायनेट नावाचं रसायन छातीत जातं. माझे वस्ताद जन्मभर तोंडाला रुमाल बांधून गन चालवत राहिले, पन्नाशीत दम्याने बसले. जिना चढताना तीनदा थांबतात. रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क काही कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क मिळत नसेल तर क्लिअरचे हात स्प्रे बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. घरच्या शेडमध्ये, बाबा शेजारी बसलेले असताना तर अजिबात नको.

एलए_कर

मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. इथे मेक्सिकन-अमेरिकन मंडळींच्या लोरायडर, म्हणजे जमिनीलगत बसवून सजवलेल्या, गाड्यांची छतं बघत बसावंसं वाटतं. चंदेरी फ्लेकवर पारदर्शक कँडी रंग, प्रत्येक हाताला गडद होत जाणारा. काही जण पडद्याची लेस ताणून लावतात आणि वरून रंग मारतात, लेस काढली की जाळीची नक्षी उरते. तुमच्या कडेच्या पट्टीला शोभेल. आधी जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर करून बघा.

उद्यमनगर_रंगारी

लेस चांगली दिसते, पण ती धुऊन घ्या. नव्या कापडाची खळ रंगाला चिकटते. आणि पावसाळी दिवशी गन धरूच नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी साय येते. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढून मगच सुरुवात.

जीपवाला_सातारा

बाटली आत्ता बघितली. थिनर शाईसारखं निळं, तळाशी नुसती चांदी. २०० मायक्रॉनचा फ्लेक मागवलाय. क्लिअर मारायला पत्रा बूथवाल्याकडे नेणार, त्याच्याशी बोलणं झालं.

बाबांना कागदाचं सांगितलं तर त्यांनी जुनं कॅलेंडर घेतलं आणि आमच्या गच्चीवरून दिसते तशी कड न बघता फाडून दिली. मनोराही त्यांनीच ब्लेडने कापला. जरा जास्तच उंच झालाय, पण तोच ठेवतो.